सरांनी कापलेलं उत्तर

पत्र थोडक्यात: चाळीसगाव तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंनी लिहिलंय. वय एकेचाळीस. स्वतः दहावीला गणितात राहिल्या, मग लग्न आणि शेत. आता गावातल्या बचत गटाचा हिशेब त्या ठेवतात. गट बिबडे (ज्वारीचे पापड) करून विकतो. धाकटा मुलगा दहावीला आहे. घटक चाचणीत त्याला √(क्ष + ६) = क्ष हे समीकरण आलं. त्याने दोन्ही बाजूंचा वर्ग केला, अवयव पाडले आणि ३ व −२ अशी दोन उत्तरं लिहिली. सरांनी −२ वर लाल काट मारून एक गुण कापला, कारण काही लिहिलं नाही. मुलगा म्हणतो, "माझी एकही पायरी चुकलेली नाही, सरांनाच येत नाही." वडील म्हणतात, चाळीसगावला क्लास लावू, नाहीतर दहावीनंतर आर्ट्सला टाकू, गणित आपल्या घराण्यातच नाही. ताईंनी वही हातात घेतली तर मुलगा म्हणाला, "तुला काय कळतं त्यातलं?" शाळेत जाऊन सरांना जाब विचारावा का, क्लास लावावा का आणि या वयात आपल्याला हे शिकता येईल का, असे त्यांचे प्रश्न आहेत. पत्राच्या शेवटी एवढंच: "माले गनित येत नही."

ताई, आधी त्या −२ चा निकाल लावू, मग घराण्याकडे वळू.

सरांची काट बरोबर आहे. आणि तुमचा मुलगा म्हणतो तेही बरोबर आहे, त्याची एकही पायरी चुकलेली नाही. तुम्ही पत्रात दोघांपैकी एक जण चुकला असणार असं धरून चालला आहात. तसं नाहीये.

−२ उचला आणि मूळ समीकरणात क्षच्या जागी ठेवा. डावीकडे √(−२ + ६), म्हणजे √४, म्हणजे २. उजवीकडे −२. दोन आणि उणे दोन सारखे नाहीत, तेव्हा हे उत्तर गेलं. आता ३ ठेवा. डावीकडे √९, म्हणजे ३. उजवीकडेही ३. हे राहिलं.

मग पायऱ्या बरोबर असताना ते −२ शिरलं कुठून? वर्ग करताना शिरलं. ५ चा वर्ग २५ आणि −५ चा वर्गही २५. चक्कीवरून दळण आणलं की पिठाकडे बघून ज्वारी तुमच्या शेतातली की शेजारच्या, हे सांगता येत नाही. वर्ग करणं हे तसंच दळण आहे, आधीचं चिन्ह त्यात हरवतं. √(क्ष + ६) = क्ष हे एक समीकरण आणि √(क्ष + ६) = −क्ष हे दुसरं. दोघांचा वर्ग केला की पीठ एकच:

क्ष + ६ = क्ष × क्ष

मुलाने पुढे जे सोडवलं ते या पिठाचं समीकरण. त्यातून ३ आलं ते त्याच्या समीकरणाचं, आणि −२ आलं ते शेजारच्या समीकरणाचं. तिथे घालून बघा, चोख बसतं. म्हणजे उत्तर खोटं नाही, फक्त दुसऱ्याच्या घरचं आहे.

यावर तो म्हणेल, "४ चं वर्गमूळ उणे दोनही असतं ना?" म्हणू द्या, प्रश्न चांगला आहे. मी नोकरीला नवा होतो तेव्हा एका वर्गात मी स्वतः फळ्यावर लिहिलं होतं, √४९ म्हणजे अधिक किंवा उणे ७. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, मग कॅल्क्युलेटर एकच का दाखवतो?" मला उत्तर सुचलं नाही. मी म्हणालो, "बस खाली." ती बसली, आणि नंतर वर्षभर तिने काही विचारलं नाही. ते अजून टोचतं. उत्तर साधं होतं. ४९ ला दोन वर्गमुळं आहेत, ७ आणि −७. पण √ हे चिन्ह त्यातल्या फक्त ऋण नसलेल्या मुळासाठी राखून ठेवलेलं आहे. तो संकेत आहे, जसं आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डावीकडून चालवायची. म्हणून "क्षचा वर्ग ४९" असं असेल तर उत्तरं दोन, आणि नुसतं √४९ असेल तर ७ एकटं. तुमच्या मुलाच्या पेपरात हेच चिन्ह होतं.

आता घराण्याचं.

नवरात्रात पाटणादेवीला जाता, असं तुम्ही ओघात लिहिलंय. त्याच पाटण्यात एक शिलालेख सापडला, एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. इ. स. १२०७ च्या सुमाराचा. थोर गणिती भास्कराचार्य, त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने पाटण्याला मठ काढला, त्या मठाला मिळालेल्या देणग्या त्या दगडावर कोरल्या आहेत. शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे: या पाटणच्या बाजारात जो माल विकायला येईल त्यावरचं राजाचं उत्पन्न मठाला दिलं. बाजारातल्या करावर गणिताची शाळा चालत होती, ताई, तुमच्या तालुक्यात. (आता बाजारात कमावलेलं गणिताच्या क्लासला जातं, तो भाग वेगळा.) तेव्हा "आमच्याकडे गणित नाही" हे वाक्य दुसऱ्या कुठल्या तालुक्याने म्हणावं. चाळीसगावने म्हणू नये.

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत तुमच्या मुलाच्याच जातीचं एक गणित आहे. हंसांचा थवा आहे. थव्याच्या वर्गमुळाच्या साडेतीनपट हंस काठावर संथ चालताहेत आणि उरलेले दोन पाण्यात खेळताहेत. थवा केवढा?

थवा क्ष मानला तर:

क्ष = साडेतीन × √क्ष + २

मुलाला सांगा, तुझ्या पद्धतीने सोडव. २ डावीकडे आणून दोन्ही बाजूंचा वर्ग केला की त्याला दोन उत्तरं मिळतील, १६ आणि एकचतुर्थांश. सोळा हंस किंवा पाव हंस! हसू द्या त्याला पोटभर, मग दोन्ही घालून बघायला लावा. सोळाचं वर्गमूळ चार, चारची साडेतीनपट चौदा, अधिक दोन सोळा. जमलं. पावाचं वर्गमूळ अर्धा, त्याची साडेतीनपट पावणेदोन, अधिक दोन पावणेचार. पाव कुठे आणि पावणेचार कुठे. हा पाव हंस आणि त्याच्या पेपरातलं −२ सख्खे भाऊ आहेत. दोघेही वर्ग करताना आत आले.

भास्कराचार्यांचंच माकडांचं एक गणित याहून गमतीचं आहे, त्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथातलं. कळपाचा पाचवा भाग घ्या, त्यातून तीन वजा करा, जे राहील त्याचा वर्ग करा. तेवढी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसतंय. उत्तरं ५० आणि ५. पाच घालून बघा: पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले उणे दोन, त्याचा वर्ग चार, फांदीवरचं एक धरून पाच. समीकरणात नीट बसतं! तरी आचार्य म्हणतात ५ घेऊ नका, कारण उणे दोन माकडं लोकांना पटत नाहीत. म्हणजे उत्तर दोन कारणांनी बाद होतं. एक, ते समीकरणातच बसत नाही. दोन, समीकरणात बसतं पण गोष्टीत बसत नाही. मुलाचं −२ पहिल्या कारणाने गेलं. दहावीच्या वर्गसमीकरणांत शेताची लांबी उणे आठ मीटर निघते, तेव्हा ते दुसऱ्या कारणाने जातं. पोरं दोन्हीकडे "ऋण आहे म्हणून सोडलं" असं लिहून मोकळी होतात. ते कारण पहिल्या जातीला लागूच नाही. √(क्ष + ६) = −क्ष मध्ये ऋण उत्तर बरोबर होतं, हे आत्ताच पाहिलं.

तुमच्याबद्दल. इथे कुणीही म्हणेल की गटाचा हिशेब ठेवता म्हणजे गणित येतंच तुम्हाला. मी तसं म्हणणार नाही. हिशेब वेगळा, बीजगणित वेगळं. बिबड्यांच्या हिशेबात सगळे आकडे समोर असतात. बीजगणितात एक आकडा तोंड लपवून बसलेला असतो आणि तो आहे असं धरून पुढे जायचं असतं. ती सवय वेगळीच, ती तुम्हाला लागलेली नाही, आणि लगेच लागायलाही नको. पण गटात एक गोष्ट तुम्ही महिन्याच्या महिन्याला करता: ताळा. वहीत अमुक शिल्लक दिसते आणि पेटीत पंचवीस रुपये कमी निघतात, तेव्हा "बेरीज बरोबर केली होती" म्हणून तुम्ही वही मिटत नाही. पेटीशी जुळेपर्यंत बसता. तुमच्या मुलाच्या वहीत नेमकं हेच नाही. तो पायऱ्यांवर विश्वास ठेवतो आणि पेटी उघडत नाही.

म्हणून माझं सांगणं असं. समीकरण सोडवणं त्याच्याकडे, ताळा तुमच्याकडे. त्याने वहीत काय केलं ते तुम्ही बघूच नका. त्याने मूळ समीकरण आणि शेवटचं उत्तर तेवढं वाचून दाखवायचं. तुम्ही क्षच्या जागी तो आकडा ठेवायचा आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या काढायच्या. त्याला बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि थोडी वर्गमुळं पुरतात. स्वयंपाकघराच्या भिंतीवर १ ते ३० चे वर्ग लिहून चिकटवा, २ चे घात १०२४ पर्यंत आणि ३ चे ७२९ पर्यंत. जुळलं तर "जमलं" म्हणा. नाही जुळलं तर "माझ्याकडे एवढे येतात, तुझ्याकडे?" एवढंच विचारा. चूक कुठे हे सांगायची जबाबदारी तुमची नाही. "तुला काय कळतं" हे तो चौथ्या-पाचव्या दिवशी विसरेल, कारण पेटीतले पैसे मोजणाऱ्याशी वाद घालता येत नाही.

सोडवण्याबद्दलही थोडं सांगतो, त्याला वाचायला द्या. हे पत्र वाचणारी तलाठी किंवा पोलीस भरतीची तयारी करणारी मंडळीही असतील, त्यांच्याही कामाचं आहे.

"पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं" हे पाठ करून मुलं बसतात आणि वर्गमूळ आलं की त्यांना कळत नाही कशाचं चिन्ह बदलायचं. त्यापेक्षा विचारायचं: क्षवर काय काय केलंय आणि कोणत्या क्रमाने? उदाहरणार्थ:

३ × √(क्ष − २) + ४ = १९

क्षमधून आधी २ काढले, मग वर्गमूळ घेतलं, मग तिप्पट केली, शेवटी ४ मिळवले. पेटीत गोधड्या एकावर एक ठेवल्या की काढताना वरची आधी निघते. तसंच इथे. शेवटी मिळवलेले ४ आधी काढा, राहिले १५. तिप्पट उलटवा, ५. वर्गमूळ उलटवायला वर्ग करा, २५. काढलेले २ परत द्या, २७. ताळा: २७ − २ = २५, वर्गमूळ ५, तिप्पट १५, अधिक ४ म्हणजे १९.

वर्गमूळ एकटं पडल्याशिवाय वर्ग करायला जाऊ नये. घाई करणारा पोरगा तीनाचा वर्ग ९, वर्गमुळाचा वर्ग, चाराचा वर्ग १६ असा तुकड्या-तुकड्याने वर्ग करून मोकळा होतो, आणि तिथेच माती खातो. बेरजेचा वर्ग तुकड्यांनी होत नाही, बेरजेचं वर्गमूळही नाही. ९ आणि १६ ची बेरीज २५, तिचं वर्गमूळ ५. वेगवेगळी वर्गमुळं काढून मिळवली तर ३ आणि ४, म्हणजे ७. हे एक उदाहरण त्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं.

घातांकांना मुलं जास्त घाबरतात, आणि ते त्यामानाने सोपे आहेत. एक साडी घ्या. उलगडलेली साडी म्हणजे एक थर. एक घडी घातली, २ थर. दुसरी, ४. पाचवी घडी घातली की ३२. "२ चा क्ष-वा घात ३२, तर क्ष किती?" याचा अर्थ घड्या किती घातल्या. ५. आणि २ चा शून्यावा घात १ का, याला पुस्तकातला नियम पाठ करायची गरज नाही. एकही घडी नाही, थर एक. तीन घड्यांवर आणखी चार घातल्या की सात घड्या होतात, म्हणून गुणाकारात घातांकांची बेरीज होते. घातांकांचा गुणाकार करणाऱ्या मुलाला मी साडी घड्या घालायला लावतो.

जिथे पाया, म्हणजे ज्याचा घात घेतलाय तो आकडा, जुळत नाही तिथे जुळवून घ्यायचा. ९ चा क्ष-वा घात २७ असेल, तर ९ म्हणजे ३ चा वर्ग आणि २७ म्हणजे ३ चा घन. तेव्हा २ × क्ष = ३, क्ष म्हणजे दीड. दीडवा घात ऐकायला चमत्कारिक वाटतो, पण ९ चा अर्धा घात म्हणजे √९. का? दोन अर्धे मिळून एक, आणि √९ गुणिले √९ म्हणजे ९. तर ९ चा दीडवा घात म्हणजे ९ गुणिले ३, सत्तावीस. वर्गमूळ आणि घातांक हे दोन धडे नव्हेत, एकच आहे, हे इथे कळतं. माझ्या अनुभवात ज्या मुलाला हे एकदा दिसलं त्याला पुढे फार सांगावं लागत नाही.

आणि प्रश्न वाचताना क्ष कुठे बसलाय ते बघावं. "क्षचा वर्ग ६४" यात क्ष खाली आहे, उत्तरं ८ आणि −८. "२ चा क्ष-वा घात ६४" यात क्ष वर आहे, उत्तर ६, एकच. भरतीवाल्यांनी तर सोडवतच बसू नये. चार पर्याय दिलेले असतात, ते घालून बघावेत. ताळ्याचंच काम, फक्त आधी केलेलं.

शाळेत जावं का? जाब विचारायला नाही. मुलालाच पाठवा, पण हातात ताळा लिहिलेला कागद देऊन: "सर, −२ घातल्यावर डावीकडे २ येतात, म्हणून कापलं ना?" सरांनी कारण लिहायला हवं होतं, हे माझं मत आहे. पण गठ्ठा तपासताना हात थकतो, हेही मला ठाऊक आहे. गुण परत मिळणार नाही. प्रश्न विचारणारा मुलगा म्हणून तो सरांच्या लक्षात राहील.

क्लासचं दिवाळीपर्यंत थांबवा. तुमच्या गावाहून एसटीने जाऊन येण्यात त्याचा जो वेळ जाईल, तो आत्ता ताळ्याला मिळाला तर जास्त उपयोगी. दिवाळीनंतरही अडत असेल तर खुशाल लावा, पण फी भरण्याआधी एक दिवस तिथे बसू द्या. फळ्यावर उत्तर आल्यानंतर ते परत घालून बघतात का, एवढंच त्याने बघून यावं. आर्ट्सला जायला काहीच हरकत नाही, त्याला भूगोल किंवा इतिहास आवडत असेल तर जरूर जाऊ द्या. एका लाल काटेवरून मात्र नको, आणि ज्याने न चुकता अवयव पाडले त्याला गणित येत नाही म्हणून तर मुळीच नको. वडिलांना हे तुम्ही सांगितलंत तर बरं, माझं नाव घेतलंत तरी चालेल.

एक समीकरण सोबत पाठवतोय, आज रात्रीच त्याला द्या:

√(क्ष + १) + ५ = २

तो दोन मिनिटांत ८ म्हणेल, आणि छाती काढून म्हणेल, कारण या वेळी उत्तर एकच आलंय आणि तेही धन. तुम्ही काही बोलू नका. भिंतीवरचे वर्ग बघून शांतपणे आठ घाला, आणि डावीकडे किती आले ते त्याला मोठ्याने वाचून दाखवा.